काट्यावरचे उतेकरनाना

उतेकरनानांनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो माझ्या केसांतल्या पिनांवरून.

पोलादपूरच्या अलीकडे हायवेला शेलारशेठचा वजनकाटा आहे. तिथं पावत्या करायच्या कामावर माझा पहिला दिवस होता. माझ्या गावाहून, कापड्याहून, एसटीनं आले, केबिनच्या दारात पोचले, तर नाना वाट अडवून उभे. साठीच्या आसपासचे, काटकुळे, शर्टाच्या खिशात चष्म्याशेजारी स्क्रूड्रायव्हर खोचलेला.

"डोक्यात किती पिना हायत?"

"चार असतील."

"असतील नाय. मोज."

मी तिथंच उभ्या उभ्या मोजल्या. पाच निघाल्या.

"बघ. चार म्हनालीस, निघाल्या पाच. ही पाचवी उद्या माझ्या मदरबोर्डवर पडली म्हंजे? काढून ठेव सगळ्या बाहेर. लोखंड आत न्यायचं नाय."

त्या दिवसापासून साडेतीन वर्षं मी कामावर जाताना केसांना रबर लावत होते.

नाना ज्याला एवढं जपत होते तो कॉम्प्युटर पाहून मला हसूच आलं होतं. कुठल्याच कंपनीचं नाव नसलेला, सुटे भाग आणून जोडलेला. आमच्याकडे त्याला असेंबल म्हणतात. पांढरा डबा पिवळा पडलेला, पुढं फ्लॉपीची फट, मागं गोल पिनांचा कीबोर्ड. आत चौसष्ट एमबीच्या दोन रॅम. एवढ्यात माझ्या मोबाइलमधला एक सिनेमाही मावला नसता. पण आत एक लांबलचक कार्ड होतं, आणि काट्याची वायर त्या कार्डाला जोडलेली होती. ते कार्ड ज्या खाचेत बसतं तशी खाच नव्या कॉम्प्युटरला नसते. वजनाचा प्रोग्रॅमही काळ्या पडद्यावरचा, जुना. तो लिहिणारा माणूस परदेशात गेला तो गेलाच. म्हणून वीस वर्षं तोच डबा चालू होता, आणि नानांनीच तो जोडला होता.

डब्याच्या प्रत्येक स्क्रूवर नानांनी नेलपॉलिशची रेघ ओढली होती, निम्मी स्क्रूवर आणि निम्मी पत्र्यावर. कोणी स्क्रू फिरवला की रेघ तुटणार. रोज सकाळी टॉर्च मारून ते सहाही रेघा बघत. मग नाक लावून मागच्या पंख्याचा वास घेत. "जळका वास आधी येतो गो, धूर मागाहून." आतल्या प्रत्येक भागाचा नंबर त्यांनी शाळेच्या दोनशेपानी वहीत उतरवून ठेवला होता. दुरुस्तीसाठी डबा उघडला की बंद करताना नंबर पडताळायचे. दुरुस्ती करणारा दुसरीकडे बघतोय असं वाटलं तरी यांची नजर त्याच्या बोटांवर.

संशय फक्त डब्यापुरता नव्हता. समोरच्या टपरीवरचा चहा त्यांच्या डोळ्यांसमोर ओतलेला असेल तरच घेत. एकदा ताप आला म्हणून मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी वजनाच्या यंत्रावर उभं राहायला सांगितलं. आकडा पाहून नाना खाली उतरले आणि म्हणाले, "ह्याच्यावर शिक्का कधीचा हाय?" डॉक्टर तरुण होते, त्यांना कळेना. नानांनी वाकून यंत्राच्या खाली वजनमापवाल्यांचा शिक्का शोधला. तो नव्हता. मग त्यांनी त्या दवाखान्यातल्या गोळ्याही घेतल्या नाहीत. दोन दिवसांनी ताप आपला आपण उतरला, आणि नानांच्या मते त्यावरूनच सगळं सिद्ध झालं.

ज्याच्या बोटांवर ही नजर असायची तो दुरुस्तीवाला म्हणजे मुश्ताकभाई. महाडला एसटी स्टँडच्या मागं त्यांचं छोटं दुकान. दहा वर्षं शारजाला असल्याच एका दुकानात काम करून परत आलेले. बोलणं मऊ, हात त्याहून मऊ. महाडच्या पुरात त्यांचं दुकान पाण्याखाली गेलं तेव्हा नाना चार दिवस तिथं होते. चिखलानं भरलेले बोर्ड नळाखाली धरून जुन्या टूथब्रशनं धूत होते. मुश्ताकभाई सांगत, "धुतलेला एकेक बोर्ड नाना मोजत होते. माझ्याच दुकानातून मी चोरीन की काय, अशी भीती त्यांना."

नाना यावर हसत नसत. पण मुश्ताकभाई आले की त्यांच्यासाठी स्वतःची खुर्ची सोडत. दुसऱ्या कुणासाठी मी त्यांना उठलेलं पाहिलं नाही.

एकदा शेलारशेठनी विषय काढला. ट्रकवाले मोबाइलवर पावती मागतात, जुनं यंत्र पुरे. मुश्ताकभाईंना बोलावलं. त्यांनी कॅलेंडरचं फाडलेलं पान उलटं करून त्यावर लिहायला घेतलं.

"शेठ, तीन रस्ते आहेत. एक, सगळंच नवं घ्या. कॉम्प्युटर नवा, प्रोग्रॅम नवा, काट्याचं मीटरही नवं."

"तो प्रोग्रॅम कोन लिवनार?" नानांनी विचारलं. "आनि त्यानं आत काय लिवलंय ते मला कसं कळनार?"

"बरं. दोन, नवा कॉम्प्युटर आणि काट्याच्या वायरीला मधे एक जोडणी. यूएसबीची."

"मधे? मधे काय नको. जे काय होतं ते मधल्या मधेच होतं."

मुश्ताकभाईंनी दुसऱ्या ओळीवर शांतपणे रेघ मारली. "मग तीन. हाच डबा ठेवायचा. हार्डडिस्क खरखरतेय, ती काढून तिथं मेमरी कार्ड बसवू. एक फिरता भाग कमी होईल. वीजपुरवठ्याचा डबा जुना झालाय, तो बदलू. रॅम वाढवता येईल, पण प्रोग्रॅमला तिची गरज नाही. पावतीचा फोटो मोबाइलवर पाठवायचं काम आपली प्रणाली करील," माझ्याकडं बघत ते म्हणाले.

नानांनी कॅलेंडरच्या पानावर तिसऱ्या ओळीखाली बोट टेकवलं. मग म्हणाले, "तीन. पन माझ्यासमोर."

मार्चमध्ये ते काम झालं. मुश्ताकभाईंनी वीजपुरवठ्याचा डबा बदलला, हार्डडिस्कच्या जागी कार्ड बसवलं. नाना शेजारी स्टुलावर बसून नंबर उतरवत होते. निघताना मुश्ताकभाईंनी नव्या रेघा ओढायला नेलपॉलिशची बाटली स्वतः नानांच्या हातात दिली.

यानंतर पंधरा दिवसांत काट्याची बोंब झाली.

आमच्या काट्यावर भरलेली गाडी आधी यायची. तिचं वजन यंत्र घ्यायचं आणि आपल्या आठवणीत ठेवायचं. गाडी माल खाली करून तासा-दोन तासांनी रिकामी परत आली की यंत्र वजाबाकी करून पावती छापायचं. एका खडीवाल्यानं येऊन पावती टेबलावर आपटली. त्याच्या मालात आठशे किलो कमी भरले होते. दोन दिवसांनी दुसरा आला, भंगारवाला. त्यालाही बरोबर आठशेच कमी. टपरीवर बोलणं सुरू झालं, शेलार काटा मारतो. काट्याला असं एकदा नाव लागलं की गाड्या पुढच्या काट्यावर जातात. आणि वजनमापवाले आले तर काट्याला कुलूपच.

नानांनी वही काढली. भरलेली गाडी आली की मीटरवरचा आकडा हातानं लिहायचा आणि पावतीशी ताडून बघायचा. दहातल्या आठ गाड्या बरोबर. दोन गाड्यांना आठशे कमी. सातशे नाही, नऊशे नाही, आठशेच.

"यंत्र चुकलं तर सगळ्यांना चुकंल," नाना म्हणाले. "निवडून चुकतो तो मानूस."

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. त्यांनी माझी खुर्ची हलवून अशी ठेवली की माझे दोन्ही हात त्यांना दिसतील. शेठचा पुतण्या केबिनमध्ये येऊन मोबाइल चार्ज करायचा, त्याला बंदी. ड्रायव्हरांनी खिडकीत हात ठेवायचा नाही. मी पाणी प्यायला उठले तरी ते घड्याळात बघत. घरी गेल्यावर आई विचारायची, काय झालं गो, बोलत का नाहीस? काय सांगणार? मी स्वतःच मनात हिशेब मांडू लागले होते. भरलेल्या आणि रिकाम्या फेरीच्या मधे यंत्राजवळ सगळ्यात जास्त कोण असतं? नाना. डबा कसा उघडायचा हे कुणाला माहीत? नानांना. एवढी नेलपॉलिश, एवढी वही, हे सगळं दाखवायला तर नसेल? ते जेवायला गेले असताना मी त्यांची पिशवी उघडून पाहिली. भाकरी, लसणाची चटणी, बायकोचं रेशनकार्ड. मी पिशवी होती तशी ठेवली. दिवसभर मला त्यांच्याकडं सरळ बघता आलं नाही.

त्याच आठवड्यात मुश्ताकभाई प्रिंटरची रिबन द्यायला आले. त्या दिवशी नाना खुर्चीवरून उठले नाहीत.

"मुश्ताक, तू कार्ड बसवलंस त्याच्यानंतर हे झालं."

"काय झालं, नाना?"

"तुला ठावं हाय काय झालं. कुनाकडून घेतलंस तू हे करायला?"

मुश्ताकभाई रिबनचा डबा तसाच हातात घेऊन बाहेर पडले. नाना उठले, त्यांच्यामागून बाहेर आले आणि टपरीवर सात-आठ ड्रायव्हर चहा पीत होते त्यांच्यासमोर मोठ्यानं म्हणाले, "आजपासून माझ्या काट्यावर पाय ठेवायचा नाय! पंधरा वर्षं तुला घरचा समजलो."

मुश्ताकभाईंनी रिबनचा डबा टपरीच्या बाकावर ठेवला आणि स्कूटर चालू केली. त्यांची पाठ दिसेनाशी झाल्यावर टपरीवाला हळूच म्हणाला, "नाना, मी कधीपासून म्हणतोय, ह्या लोकांवर..."

"गप!" नाना त्याच्या अंगावर गेले. "मी मुश्ताकवर संशय घेतलाय. त्याच्या लोकांवर नाय. तू मधे यायचं नाय."

तिसऱ्या दिवशी मला मुश्ताकभाईंचा फोन आला. "प्रणाली, आठशे किलोचं ड्रायव्हरांकडून कळलं मला. नानांनी गाड्यांचे आकडे वहीत टिपले असतील, त्या पानांचा फोटो पाठवशील? नावं झाक. फक्त आकडे."

मी हो म्हटलं, पण पाठवला नाही. हा माणूस आकडे बघून काय करणार? आपली बाजू लपवायला काही शोधत असेल तर? दोन तास फोटो मोबाइलमध्ये तसाच पडून होता. मग मला नानांची पिशवी आठवली आणि मी तो पाठवून दिला.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. "नानांना सांग, किलोमधला शेकड्याचा आकडा बघा. तिथं आठ आला की शून्य होतो. नऊ आला की एक होतो. बाकी आकड्यांना काही होत नाही. रॅममधली एक जागा मेलीय. पहिल्या खाचेतली रॅम काढून बघा. उन्हाळ्यात तापली असेल."

मी ते नानांना वाचून दाखवलं. ते आधी म्हणाले, "त्यानंच सांगितलं ना? मग ह्यात त्याचा डाव काय?" पण वही उघडली. पहिली चुकलेली गाडी, अठरा हजार आठशे साठ. पावतीवर अठरा हजार साठ. दुसरी, सोळा हजार नऊशे चाळीस. पावतीवर सोळा हजार एकशे चाळीस. नानांचं बोट खाली खाली सरकत गेलं. चुकलेल्या प्रत्येक गाडीत शेकड्याला आठ नाही तर नऊ. बरोबर असलेल्या एकाही गाडीत नाही. पान संपलं तरी बोट पानाच्या कडेवर तसंच होतं.

दुपारी गाड्या थांबल्यावर त्यांनी डबा उघडला. पहिली रॅम काढून दुसरी तिच्या जागी बसवली. शेकड्याला नऊ असलेली गाडी आली, पावती बरोबर निघाली. पुन्हा जुनी रॅम घातली, पावती चुकली. तीनदा केलं त्यांनी. तिसऱ्यांदा चुकल्यावर ती रॅम तळहातावर घेऊन स्टुलावर बसले. बोटाएवढी रुंद हिरवी पट्टी, वर कंपनीच्या नावाचं पांढरं लेबल. नखानं त्यांनी लेबलाचा कोपरा उचकटला. खाली आणखी एक लेबल होतं, पिवळट, दुसऱ्याच कंपनीचं.

"हे मीच लावलंय गो," नाना म्हणाले.

काट्यावर यायच्या आधी नाना मुंबईत होते हे मी ऐकून होते, पण तिथं काय काम केलं हे मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. ते त्या दुपारी सांगितलं. लॅमिंग्टन रोडला एका पोटमाळ्यावरच्या दुकानात ते चार वर्षं होते. मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरांच्या रॅम काढायच्या, त्यांचे पितळी दात पेन्सिलीच्या खोडरबरानं घासून चकचकीत करायचे, आणि वर नवं लेबल डकवायचं. दिवसाला शंभर-दीडशे. खाली दुकानात त्या नव्या म्हणून विकल्या जायच्या.

"एक मास्तर यायचा, पेन गावचा. शाळेसाठी कॉम्प्युटर नेलेला त्यानं. म्हैन्याभरात तीनदा आला. पोरांना बसवलं की बंद पडतो, म्हनायचा. सेठ म्हनाला, मास्तर, तुमच्या गावाची लाईट खराब हाय. मास्तरानं माझ्याकडं बघितलं. मी काय बोललो नाय."

"मग?"

"मग काय. गेला तो. लाईटला शिव्या देत." नानांनी रॅम उलटी केली. "निघताना मी दोन चांगल्या बघून बाजूला काढल्या, माझ्यासाठी. चांगल्या म्हनून काढल्या. घासून घासून सगळ्या सारख्याच दिसायच्या. ह्या वहीत सगळ्यांचे नंबर हायत, हिचा लेबलावरचाच हाय. खालचं मी कधी बघितलंच नाय."

वीस वर्षं ती रॅम चालली हेही खरं. पण हे मी त्यांना तेव्हा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं महाडला गेलो. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. एसटीत ते एकदाच बोलले, "तू बोलशील का आधी?" मी नाही म्हटलं.

मुश्ताकभाई दुकानात कुणाचा तरी लॅपटॉप उघडून बसले होते. नाना दारातच उभे राहिले.

"तू म्हनालास तेच निघालं."

"माहीत आहे."

"माझीच चूक झाली, मुश्ताक."

मुश्ताकभाईंनी हातातला स्क्रू वाटीत टाकला. "नाना, तुम्ही वीस वेळा माझे हात तपासलेत. मला राग आला नाही, सवयच आहे तुमची. पण तेव्हा तुम्ही बघायचात, विचारायचात. या वेळी विचारलंच नाहीत. नुसतं सांगितलंत. तेही टपरीवर, लोकांसमोर. त्या दिवसापासून दोन गिऱ्हाइकं माझ्यासमोर बसून स्क्रू मोजतात."

नानांचा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरवर गेला आणि तिथंच राहिला.

"चहा घेणार?" मुश्ताकभाईंनी मला विचारलं. नानांना नाही विचारलं.

आम्ही परत आलो. दुपारी चारला टपरीवर गाड्या लागतात. नाना केबिनमधून उतरले, टपरीजवळ गेले. मी खिडकीतून बघत होते. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, एवढं हळू बोलत होते. कोणीतरी म्हणालं, "मोठ्यानं बोला नाना, गाडी चालू आहे." तेव्हा नाना त्या ट्रकपाशी गेले, ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली, परत आले आणि पुन्हा पहिल्यापासून बोलले. मुश्ताकचा काही दोष नव्हता. खराब भाग मी बसवला होता. मी त्याला चोर म्हणालो ते खोटं. टपरीवाला ग्लास विसळत राहिला. एका ड्रायव्हरनं विचारलं, "मग आमचे आठशे किलो?" नानांनी वही वर धरली. पुढचे आठ दिवस ते वहीतल्या प्रत्येक चुकलेल्या गाडीच्या मालकाकडं दुरुस्त पावती घेऊन जात होते, कधी एसटीनं, कधी चालत. नाते गावात एकाच्या दारात त्यांनी शिव्याही खाल्ल्या.

मुश्ताकभाई लगेच नाही आले. महिना गेला. मे संपता संपता एका सकाळी स्कूटर केबिनसमोर थांबली. त्यांनी पुराच्या पाण्यातून वाचलेली एक जुनी रॅम आणली होती, आणि डब्यात साचलेली धूळ झाडायला ब्रश. नाना खुर्चीवरून उठले. मुश्ताकभाईंनी स्क्रूड्रायव्हर मागितला. नानांनी तो दिला, माझ्याकडं बघून "दोन चहा सांगून येतो" म्हणाले आणि बाहेर गेले. मला वाटलं लगेच परत येतील. ते काट्याच्या पल्याड, झाडाखाली, आमच्याकडं पाठ करून डबा बंद होईपर्यंत उभे होते. चहा टपरीवाल्यानंच आणून दिला.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि मी काम सोडलं. शेवटच्या दिवशी नानांनी मला काही दिलं नाही, फक्त माझी पिशवी स्वतः एसटीपर्यंत नेली. काटा अजून आहे. आता तिथं नवा कॉम्प्युटर आहे, नवं मीटर आहे, आणि बसायला शेठचा पुतण्या आहे.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते महाडच्या स्टँडवर, गेल्या पावसाळ्यानंतर. मी माहेरी निघाले होते, कडेवर मुलगी. फलाटाच्या टोकाच्या बाकावर नाना बसले होते, हिरवी पट्टी कपाळावर सरकवलेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असावं. शेजारी मुश्ताकभाई उभे होते, हातात औषधाची बारीक बाटली. त्यांनी ती उन्हाकडं धरून नीट वाचली, मग नानांच्या हनुवटीला बोट लावलं. नानांनी मान मागं टाकली. त्यांचा एक हात मुश्ताकभाईंच्या मनगटाला धरून होता. बाटली डोळ्यावर आली तरी त्यांनी डोळा मिटला नाही. थेंब पडला, गालावर ओघळला, मुश्ताकभाईंनी तो रुमालानं टिपला.

मी हाक मारणार होते. पण पोलादपूरची गाडी लागली, मुलगी रडायला लागली, आणि मी वर चढले. खिडकीतून पाहिलं तेव्हा नानांनी दुसरा डोळा वर केला होता.